मोलिझेतला रविवार

दुबईत, करामातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताचं तिसरं टेबल गुणवंत निरगुडेचं. दोन हजार आठ साल उजाडलं तेव्हा त्या टेबलाशी बसून त्याला तेरा वर्षं झाली होती. समोरचा माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच गुणवंतने त्याला निम्मी इटली दाखवून टाकलेली असे. "व्हेनिसला चाकांच्या बॅगेचा उपयोग नाही, तिथले पूल पायऱ्यांचे आहेत." "फ्लॉरेन्सचं मोठं म्युझियम सोमवारी बंद, तो वार टाळा." "रोमला पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्त्यातल्या नळाचं पाणी गोड लागतं." हे सगळं तो अशा थाटात सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ दर उन्हाळ्यात तिकडे माहेरपणाला जातो.

खरं तर गुणवंत इटलीला कधी गेलाच नव्हता. तो जाई तो नाशिकला, तेही दोन वर्षांतून एकदा. इटली त्याने घरबसल्या जमवली होती. थोडी माहितीपुस्तकांतून, थोडी रेल्वेच्या वेळापत्रकांतून, आणि बरीचशी परत आलेल्या लोकांच्या गप्पांतून. 'मी गेलो होतो' असं तो कुणाला म्हणाला नव्हता. 'गेलो नाही' असंही म्हणाला नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं.

मग मंदी आली. करामाच्या जिन्याजिन्यांत सोफे, फ्रिज, मुलांच्या सायकली विकण्याच्या चिठ्ठ्या लागल्या. ज्यांनी स्वित्झर्लंडसाठी नावं नोंदवली होती ते फोन करून भारताच्या एकेरी तिकिटाची चौकशी करू लागले. गुणवंतच्या शेजारची दोन टेबलं रिकामी झाली. त्यांच्यावर आधी प्रिंटर आला, मग धूळ आली.

मालक विजयकुमार त्रिशूरचा. चांगला माणूस, पण वाईट बातमी सांगताना नेहमी छताकडे बघायचा. दोन हजार नऊच्या मे महिन्यात तो छताकडे बघत म्हणाला, "गुणवंत, टिकटिंग चलेगा. टूर का टेबल नहीं चलेगा."

"एक टूर दे दो सर. ईद की छुट्टी में."

"कौन जाएगा? पैरिस का पैसा किसके पास है?"

"पैरिस नहीं. ऐसी जगह, जिसका नाम किसी ने सुना नहीं. इसलिए सस्ती."

त्याच आठवड्यात एका पर्यटन मेळाव्यात गुणवंतला एक टेबल दिसलं होतं. त्याच्यामागे कुणी नव्हतं, वर एकच माहितीपत्रक होतं. मोलिझे. इटलीचा डोंगराळ प्रांत. फोटोत डोंगराच्या धारेवर दगडी गाव बसलं होतं आणि खाली दरीत ढग होते. गुणवंतने तो कागद घडी करून खिशात घातला तो महिनाभर काढला नाही. शेजारच्या प्रांतात एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला होता, त्यामुळे त्या बाजूला फिरकायला लोक धजत नव्हते. हॉटेलं मिळेल त्या भावात खोल्या देत होती.

विजयकुमारने अखेर मान हलवली. "छह लोग लाओ. लोग खुश, तो टेबल रहेगा. नहीं तो ईद के बाद खलास."

खलास म्हणजे काय, हे घरी समजावून सांगावं लागलं नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला. मुलगी ईशानी नुकतीच दहावीत गेली होती, आणि बायको अनुपमा ऊद मेथा भागातल्या शाळेत तिच्याच वर्गाला हिंदी शिकवत होती. मधेच मुलीला उचलून नाशिकला न्यायचं, तिथली पुस्तकं वेगळी, बोर्ड वेगळं. अनुपमाने वर्षाच्या मध्यावर शाळा सोडल्याचा दाखला कसा मिळतो ते ऑफिसात विचारून ठेवलं होतं. नवऱ्याला मात्र एवढंच म्हणाली, "तू तुझी टूर नीट ने."

"बाबा, have you even seen this place?" ईशानीने विचारलं.

"चौदा वर्षं बघतोय," गुणवंत म्हणाला.

सहा माणसं जमली. बँकेत काम करणारा सुजीत, त्याची बायको शुभ्रा, आणि सुजीतच्या आई मुक्ताबाई. मुक्ताबाईंनी पुण्याच्या महापालिकेत तीस वर्षं लोकांच्या तक्रारींच्या अर्जांना उत्तरं लिहिली होती, त्यामुळे तक्रार कशी लिहितात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मुलाकडे राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांच्या खोलीतलं मराठी कॅलेंडर आणि त्यांचे वार पुण्याचेच होते. एक निवृत्तीला आलेलं ठाण्याचं जोडपं होतं, ते सगळ्याला 'छान' म्हणत. आणि सहावा भिवा. तो संगमेश्वरकडचा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका धातूच्या कारखान्यात फोरमन. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग ओतण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. मोलिझेच्या माहितीपत्रकात एक ओळ होती, की आन्योने नावाच्या गावात शेकडो वर्षं चर्चच्या घंटा ओतल्या जातात. त्या ओळीवर बोट ठेवून भिवाने विचारलं होतं, "हे आतून बघायला मिळंल का?"

"मिळेल की," गुणवंत म्हणाला होता.

वेळापत्रक त्याने एकट्याने आखलं. खाजगी गाडी परवडत नव्हती, म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते तिथल्या साध्या बसने. बसच्या तक्त्यात ओळींसमोर बारीक चिन्हं होती. एकमेकींवर ठेवलेल्या दोन हातोड्या म्हणजे फक्त कामाच्या दिवशी धावणारी बस, हे त्याने एका जुन्या गिऱ्हाइकाकडून पक्कं करून घेतलं. शुक्रवार त्याने प्रवासात घालवला. सोमवार म्युझियमवाल्यांचा, म्हणून तोही परतीच्या वाटेला लावला. वीस सप्टेंबरला दुबईत ईद, पण तिकडे कुठली ईद? तेव्हा तो दिवस सगळ्यात भरगच्च. सकाळी घंटांचा कारखाना, मग तांबटांची गल्ली, एकची बस धरून इझेर्निया. आखून झाल्यावर त्याने कागद हात लांब करून बघितला. कुठेही एक तास वाया जात नव्हता.

रोमच्या विमानतळावर उतरल्यापासून शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं त्या कागदाप्रमाणे झालं. सेपिनोचं जुनं रोमन गाव कागदातल्यासारखंच निघालं. दगडी वेस, नाटकगृहाचे अर्धगोल कट्टे, आणि गावाच्या मधोमध जाणारी मेंढरांची हजारो वर्षांची वाट. त्या वाटेवर खरोखरच मेंढरं होती. मेंढपाळाने काठी उचलून नमस्कार केला.

"आता हे बघा," गुणवंत म्हणाला, "इथून दर शरदात मेंढरं समुद्राकडे जायची आणि उन्हाळ्यात परत डोंगरात. वेशीपाशी लेख आहे. मेंढपाळांना त्रास देऊ नका, अशी ताकीद."

"छान," ठाण्याचे गृहस्थ म्हणाले.

मुक्ताबाईंनी लेख शोधून काढला, त्यावर बोट फिरवलं. "तक्रार कुणीतरी केली असणार. त्याशिवाय कोण एवढं कोरून ठेवतंय?"

गुणवंतला उन्हात उभं राहून हसू आलं. चौदा वर्षं कागदावर सांभाळलेली इटली पायाखाली होती, आणि तिच्यात गवत होतं, शेणाचा वास होता. त्याने कुणाचं लक्ष नाही असं बघून वेशीच्या दगडावर तळहात ठेवला. दगड कोमट होता.

त्या दिवशी घटस्थापना. मुक्ताबाईंचा नऊ दिवसांचा उपास, त्यामुळे त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि भाजलेला राजगिरा होता. संध्याकाळच्या बसने सगळे आन्योनेला पोहोचले तेव्हा गाव फोटोतल्यासारखंच धारेवर बसलेलं होतं, फक्त ढगांच्या जागी दिवे लागले होते.

रविवारी सकाळी साडेनऊला सामान बांधून, खोल्या सोडून, सगळे कारखान्यासमोर उभे राहिले. दार बंद. गुणवंतने घड्याळ बघितलं, बेल दाबली. आतून काही नाही.

"उशिरा उघडत असतील," शुभ्रा म्हणाली.

दहा वाजले. तांबटांची गल्लीही बंद होती. गुणवंत सगळ्यांना घेऊन बसच्या थांब्याकडे आला. तिथे टोपी घातलेले एक आजोबा बाकावर बसले होते. गुणवंतने त्यांना तिकीट दाखवलं, एकच्या आकड्यावर बोट ठेवलं. आजोबांनी खांबावरच्या तक्त्यातल्या हातोड्यांवर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली.

"हातोड्या म्हणजे कामाचा दिवस," गुणवंत म्हणाला. "मी नीट वाचलं होतं."

"मग आज काम नाही?" भिवाने विचारलं.

"आज रविवार."

"हां. म्हंजे कामाचाच की."

"हो ना," सुजीत म्हणाला. "संडेला तर माझी मीटिंग असते."

ठाण्याच्या जोडप्यानेही मान डोलावली. दुबईत वर्षानुवर्षं राहिलेली ती सगळी माणसं त्या डोंगरावर उभी राहून एका साध्या गोष्टीकडे बघत होती, आणि ती कुणाला दिसत नव्हती. दुबईत शुक्रवार-शनिवारी सुट्टी. रविवारी सकाळी शाळेच्या बसगाड्या भरतात, ऑफिसं उघडतात, आठवडा सुरू होतो. त्यांच्या अंगात वार असेच मुरले होते.

मुक्ताबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अरे, रविवार म्हणजे सुट्टी. जगभर. तुम्ही लोक शुद्धीवर आहात का?"

मग भिवा हळूच म्हणाला, त्यात टोमणा अजिबात नव्हता, "गुणवंतभाऊ, मागल्या खेपेला तुम्ही आलावं तेव्हा कुठला वार होता?"

गुणवंतला सहज म्हणता आलं असतं, बुधवार. शब्द जिभेवर आलाही होता. समोर सहा माणसं सामानाच्या कडेला उभी होती. हे लोक परत जाऊन काय सांगतील यावर त्याचं टेबल होतं, टेबलावर व्हिसा, व्हिसावर ईशानीची दहावी.

"मी आलोच नव्हतो," तो म्हणाला. "मी इटलीत पहिल्यांदाच येतोय. आयुष्यात पहिल्यांदा."

शुभ्राने नवऱ्याकडे बघितलं. ठाण्याच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या की काय, ते कळेना.

"ते आम्हाला रोमच्या विमानतळावरच कळलं," मुक्ताबाई म्हणाल्या. "विमानातून उतरवणाऱ्या बसचा फोटो कोण काढतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू कधी सांगतोय. आता हे सांग, जेवायचं काय आणि झोपायचं कुठे? खोल्या तर सोडल्यात आपण."

हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड उतरत होतं, एकही खोली उरली नव्हती. गुणवंत तिथून परत येत असताना वरच्या चर्चमधली घंटा वाजू लागली आणि प्रार्थना सुटून माणसं बाहेर पडली. इस्त्रीचे कोट, म्हाताऱ्यांचे हातात हात, पोरांचे पांढरे शर्ट. सगळ्यात शेवटी पांढऱ्या झग्यातले पाद्री आले. रंगाने सावळे, मिशीला तेल लावलेले. त्यांनी सामानावर बसलेली ही माणसं बघितली आणि सरळ चालत आले.

"नाट्टिल एविडया?" त्यांनी विचारलं. म्हणजे, गावाकडे कुठले?

गुणवंतला विजयकुमारच्या हाताखाली चौदा वर्षं झाली होती. तोडकंमोडकं का होईना, मल्याळम त्याच्या तोंडात आलं. "नाशिक, फादर. आणि माझे साहेब त्रिशूरचे."

"त्रिशूरमध्ये कुठले?"

फादर सेबी इरिंजालकुडाचे निघाले, विजयकुमारच्या गावापासून अर्ध्या तासावरचे. धाकटा भाऊ शारजात गोदाम सांभाळायचा. इथे तरुण पाद्री मिळत नाहीत म्हणून त्यांना चार वर्षांपूर्वी धाडलं होतं, आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांना वाटलं होतं, देव आपल्याला विसरला. हे सगळं त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. मग म्हणाले, "पुढची बस उद्या. चर्चच्या मागे हॉल आहे, दहा खाटा आहेत, यात्रेकरूंसाठी. स्वयंपाकघर आहे. नारळ तेवढा मागू नका."

मुक्ताबाईंनी चर्चच्या त्या स्वयंपाकघरात उपासाचे बटाटे केले. फादरांकडे जिरं होतं, घरून आलेलं, बरणीत जपून ठेवलेलं. बाकीच्यांसाठी फादरांनी पास्ता केला, त्यात मिरच्या इतक्या की ठाण्याचे गृहस्थ पहिल्यांदाच 'छान' म्हणायचे थांबले.

संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर आलं. कुठे जायचं नव्हतं कुणाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पोरींचे घोळके, काका मंडळी, बाबागाड्या. दुबईहून आलेले सात जण आधी कडेला उभे राहिले, मग तिसऱ्या फेरीला त्यांच्यात मिसळले. मुक्ताबाईंना एका घरासमोर बसलेल्या बायकांनी खुर्ची दिली. त्या मराठीत बोलत होत्या, बाकीच्या इटालियनमध्ये, आणि गुडघेदुखीबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत दिसत होतं.

"आता इझेर्नियात असतो तर काय बघितलं असतं?" सुजीतने चालताचालता विचारलं.

"एक कारंजं. चौदाव्या शतकातलं. सहा कमानींचं," गुणवंत म्हणाला. "असं पुस्तकात आहे."

सुजीत हसला. ते 'पुस्तकात आहे' त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात राहिलं.

सोमवारी सकाळी आठला कारखान्याचं दार उघडलं. फादरांनी सांगून ठेवलं होतं. आत मातीचा, मेणाचा आणि जळक्या लाकडाचा वास होता. रविवारच्या बेतात इथे चाळीस मिनिटं होती. आता बस साडेबाराला होती.

भिवा आत शिरला आणि बोलेनासाच झाला. विटांचा गाभा, त्यावर मातीची खोटी घंटा, त्यावर मेणातली अक्षरं आणि नक्षी, त्यावर पुन्हा मातीचे पातळ थर. विस्तवाने मेण वितळून वाहून जातं, अक्षरांचा ठसा बाहेरच्या मातीत राहतो. मग बाहेरचा साचा उचलून खोटी घंटा फोडून काढायची, साचा परत बसवायचा आणि त्या पोकळीत काशाचा रस ओतायचा. कारखान्यातला म्हातारा कारागीर हातांनी दाखवत होता. भिवा हातांनीच विचारत होता. माती कसली? शेण मिसळता का? किती दिवस वाळवता? म्हाताऱ्याला एका प्रश्नाचं नवल वाटलं, त्याने भिवाचा हात पकडून उलटा केला, तळव्यावरचे जुने चटके बघितले, आणि स्वतःचा हात शेजारी धरला. मग एका अर्धवट साच्याकडे नेऊन मातीचा ओला गोळा त्याच्या हातात दिला.

भिवाने तीन तासांत एका घंटेच्या साच्यावर वीतभर जागेत थर दिला. बाहेर आल्यावर नखांतली माती न काढता म्हणाला, "आमच्याकडं वाळूचा साचा. एकदा ओतला की मोडला. तरी एवढी माया नाही करत कुणी."

इझेर्निया राहून गेलं. त्या दुपारच्या बसने ते थेट रोमच्या वाटेला लागले.

दुबईला परतल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी अभिप्रायाचे फॉर्म भरून पाठवले. पाच इंग्रजीत होते, 'गुड' आणि 'व्हेरी गुड'. भिवाने तर सगळ्याच चौकोनांत खुणा केल्या होत्या, 'पुअर'च्यासुद्धा. सहावा फॉर्म मुक्ताबाईंचा. त्यांनी छापील चौकोन सोडून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं होतं, मराठीत, वळणदार अक्षरात, पानभर.

विजयकुमारने तो उलटसुलट करून बघितला आणि गुणवंतपुढे सरकवला. "ये बड़ा वाला पढ़ो. हिंदी में. पूरा."

गुणवंतने आधी मनात वाचलं. मराठी वाचणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. हवं ते गाळता आलं असतं, हवं ते घालता आलं असतं. त्याने पाणी प्यायलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

रविवारी बस नसते, हे आयोजकांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे एक गाव बुडालं आणि एक रात्र ठरल्याबाहेर काढावी लागली. सदर गृहस्थांनी इटली पूर्वी पाहिलेली नव्हती. विचारल्यावर त्यांनी ते कबूल केलं, फिरवाफिरवी केली नाही. माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत असं उत्तर देणारा अधिकारी मला दोनदाच भेटला. खोल्या स्वच्छ होत्या. चढ फार आहेत, गुडघ्याच्या रुग्णांना आधी सांगावं. या गृहस्थांना कंपनीने दर वर्षी कुठेतरी पाठवावं, म्हणजे ते लोकांना खरं सांगतील. ते खरं चांगलं सांगतात.

गुणवंतने शेवटचं वाक्यही वाचलं. त्याने फॉर्म टेबलावर ठेवला.

"सब पढ़ा?"

"सब."

"बस वाला भी उसने लिखा है? तुमने अपने से नहीं जोड़ा?"

"उन्होंने लिखा है."

विजयकुमार छताकडे बघू लागला.

"उस फादर ने मेरी अम्मा को फोन किया," छताकडे बघतच विजयकुमार म्हणाला. "इरिंजालकुडा से नंबर निकाला. अम्मा ने मुझे फोन किया. बोली, उस मराठी को मलयालम किसने सिखाया, बहुत गंदा बोलता है." मग त्याने खाली बघितलं. "बेटी का एग्ज़ाम कब है?"

"मार्च में."

"तो टेबल मार्च तक. फिर देखेंगे. और अगली बार गाड़ी लेना, बस नहीं."

गुणवंत बाहेर आला. कॅफेटेरियावाल्याने न विचारता चहा पुढे केला. सप्टेंबर संपत आला होता, दुपारी अजून भट्टी पेटलेली होती, पण सावलीत उभं राहता येत होतं. त्याने अनुपमाला फोन लावला. तिचा तास नुकताच संपला असावा, मागे मुलींचा गलका होता.

"मार्चपर्यंत," तो म्हणाला.

पलीकडे ती गलक्यापासून बाजूला आली. मग म्हणाली, "शेवटचा पेपर सत्तावीसला आहे."

"त्याला महिन्याअखेरपर्यंत म्हणायला सांगतो."

"सांग," ती म्हणाली. "आणि येताना मेथी आण. दोन जुड्या."